उजागरेकाकांचं जड भांडं

परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर ती भंडारदऱ्याला तंबू ठोकून राहणार होती. स्वयंपाक तिथंच, तीन दगडांवर, आणि भांडी कुठली न्यायची हा तिचा प्रश्न होता. ऑनलाइन तिनं एक सेट बघून ठेवला होता. एकात एक बसणारी भांडी, घडीचे दांडे, आणि रंग असा देखणा की जाळावर ठेवायला जीव धजू नये.

"घेऊ का गं मावशी?"

"दांड्याला प्लॅस्टिक आहे?"

"थोडंसं आहे."

"मग नको. कान रिबिटचे आहेत की नुसते डाग देऊन चिकटवलेत? बूड किती जाड? पालथं घालून डुगडुगतंय का ते बघितलंस?"

ती हसायला लागली. "ऑनलाइन पालथं कसं घालू? आणि तुला गं काय माहीत हे सगळं? तू तर डोंगरात गेलीस की सतरंजीवरून उठत नाहीस."

खरंच होतं ते. बोलत मी होते, पण बोल सगळे उजागरेकाकांचे होते. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी भांड्याचा विषय निघाला की माझ्या तोंडून तेच बोलतात. फोन ठेवल्यावर मी ओट्याखालून त्यांची लोखंडी कढई बाहेर काढली, उगाच एकदा तेलाचं बोट फिरवलं आणि परत ठेवून दिली.

शमुवेल उजागरे आमचे सावेडीतले शेजारी. दोन्ही घरांची कंपाउंडची भिंत एकच. उंच, सडपातळ, मिशी पांढरी आणि टोकदार, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लहान स्टीलची पट्टी. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते आणि माझे यजमान सुधीर त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. काकांचं काम एकच, माल नापास करणं. नापास मालावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो बाजूला ठेवायचा. जन्मभर तेच केल्यावर दुसरं काय होणार? निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. काका शाल-नारळाबरोबर लाल रंगाची डबी आणि ब्रशही घेऊन आले.

मग त्या ठिपक्यांनी कॉलनीत उच्छाद मांडला. आमच्या नव्या प्रेशर कुकरच्या बुडावर ठिपका पडला, समोरच्यांच्या इस्त्रीवर पडला. विचारायला गेलं की काका शांतपणे दोष दाखवायचे, आणि दोष खरोखरच असायचा, त्यामुळे भांडताही यायचं नाही. त्यांच्या हातून पास झालेल्या गोष्टी मोजक्याच. त्यात मार्थाकाकू पहिल्या आणि बिडाचा तवा दुसरा. हे मी नाही म्हणत, काकू स्वतःच म्हणायच्या. तव्याचा नंबर आधीही असेल, असंही वर म्हणायच्या.

आता या माणसाचं वेड सांगायला हवं. काकांना उघड्यावर स्वयंपाक करायचा नाद होता. खात्यातल्या लोकांना जमवून त्यांनी एक मंडळ काढलं होतं. नाव काही नव्हतं, सगळे नुसतं 'चूल' म्हणायचे. "या रविवारी चूल कुठंय?" असं विचारायचं. कधी डोंगरगणला झाडीत, कधी मुळा धरणाच्या काठाला, हिवाळ्यात एकदा लांब भंडारदऱ्याकडे. टेम्पो बबनचा. हा बबन सोनईकडचा, कारखान्याचा माल वाहायचा आणि आमचीही वरात वाहायचा.

चूल नेहमी रविवारी दुपारनंतरच पेटायची आणि त्याचं कारण मोठं मजेशीर होतं. सुट्टी शनिवारीही असायची, पण बबन शनिवारी मटण खायचा नाही. "शिंगणापूरच्या शिवंला लागून माझं रान हाय काका, शनिवारी न्हाई जमायचं," म्हणायचा. रविवारी सकाळी काका-काकूंची चर्चमधली उपासना. ती चुकवायची नाही. म्हणजे शनिदेव आणि चर्च दोघांचाही मान राखून आमचा रस्सा चुलीवर चढेपर्यंत दुपार कलायची आणि मंडळींच्या पोटात कावळे कोकलत असायचे. जेवण कायम इतकं चविष्ट लागायचं त्यात निम्मा वाटा या भुकेचा असावा, असं मला वाटतं.

खरं सांगायचं तर पुरुषांनी डोंगरात जाऊन केलेल्या स्वयंपाकाचं मला फारसं कौतुक नाही. घरी चहाचं आधण ठेवायला न उठणारी माणसं बाहेर गेली की कमरेला पंचा गुंडाळून बल्लवाचार्य होतात, आणि आपण बायकांनी "वा, वा" करायचं. काकाही घरी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घ्यायचे नाहीत. पण त्यांच्या चुलीचा एक कायदा होता आणि त्या कायद्यापायी मी त्यांना सगळं माफ केलं होतं. चुलीच्या दिवशी बायकांनी सतरंजीवरून उठायचं नाही. मार्थाकाकू दवाखान्यात नर्स होत्या. पाळ्या करून दमून यायच्या, गॅसपुढे उभ्या राहायच्या, सगळ्यांना वाढून शेवटी गार झालेलं जेवायच्या. नोकरी संपली तरी गार जेवायची सवय सुटली नव्हती. चुलीच्या दिवशी मात्र पहिलं ताट त्यांचं. भांडं खाली उतरलं की काका स्वतः वाढून त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायचे, वाफा निघत असलेलं. काकू पहिला घास फुंकून खायच्या. तोवर बाकी कुणाला वाढलं जायचं नाही, आणि काका समोर उभे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा अशी काळजी असायची की जणू आज त्यांचाच माल तपासणीला आला आहे.

दुसरा कायदा, ज्यानं भांडं चढवलं त्यानंच ते उतरवायचं. मदत घ्यायची नाही. "चढवताना भांडं रिकामं असतं, कुणीही चढवील," काका म्हणायचे. "उतरवताना त्यात सगळ्यांचं जेवण असतं. तेव्हा हात बदलायचा नाही." दोन फडकी घ्यायची, वाकायचं, श्वास रोखायचा आणि एका दमात भांडं जाळावरून उचलून वाळूवर टेकवायचं. ते करताना या सडपातळ माणसाच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगायच्या. आम्ही सगळे बघत राहायचो.

भांडं विकत घ्यायला काका बाजारात गेले की दुकानदारांची धांदल उडायची. आधी भांडं फरशीवर पालथं घालून बोटांनी दाबायचे. डुगडुगलं तर नापास. मग बोटाच्या पेरानं बूड वाजवून कान लावायचे. पातळ बूड टणटणतं, जाड बूड खोल बोलतं, असं म्हणायचे. मग उन्हाकडे तोंड करून आत बघायचे, कुठं टाचणीएवढं भोक आहे का. मग कान. कानाला रिबिट, म्हणजे आरपार ठोकलेला खिळा, असेल तरच पुढचं बोलणं. "डाग दिलेला कान लग्नात चालतो, जाळावर नाही." आणि सगळ्यात शेवटी भांडं उचलून डोक्यावर ठेवायचे आणि तसेच दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत यायचे. बाजारातली माणसं थांबून बघायची. मी एकदा सोबत होते, मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "डोंगर चढायचाय ना याला घेऊन?" काका पातेल्याखालून म्हणाले. "भांडं आधी डोक्यावर, मग चुलीवर."

त्यांची मतं ठाम होती आणि ती बहुतेक अनुभवातून आलेली होती, म्हणजे फजितीतून. पातळ स्टीलमध्ये खिचडी बुडाला लागते, हे आमच्या स्टीलच्या पातेल्यानं सिद्ध झालं. सुधीरनी हौसेनं आणलेल्या नॉनस्टिक तव्याचा दांडा जाळावर वितळून मेणबत्तीसारखा गळाला, तेव्हा काकांनी खिशातून डबी काढून तिथल्या तिथं ठिपका दिला. तापलेल्या बिडाच्या तव्यावर कुणी गार पाणी ओतलं की तवा तडकतो, हेही एकदा झालं आणि त्या दिवशी काका जेवले नाहीत. भांडं चुलीवर ठेवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, हा त्यांचा नेम होता. काजळी मातीला धरते, धुताना मातीबरोबर निघून जाते. लेप ते स्वतः द्यायचे, लहान लेकराला पावडर लावावी तसा निगुतीनं.

चुकत नसत असं नाही. एकदा हौसेनं पितळेच्या पातेल्यात कढी केली. कल्हई आतून उडालेली, ते यांनी बघितलंच नाही. कढी कळकली. हिरवट झाली, तोंडात घातली तर जीभ आकसली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. हसायचं कुणाला धाडस होईना. काकांनी डबी काढली, स्वतःच्या शर्टाच्या खिशावर एक लाल ठिपका दिला आणि म्हणाले, "बबन, ओतून दे." तो शर्ट त्यांनी नंतरही प्रत्येक चुलीला घातला.

प्रार्थनेची एक गंमत सांगते. जेवणाआधी काका उभे राहून छोटी प्रार्थना म्हणायचे. बबनसकट सगळे हात जोडून डोळे मिटायचे. एकदा नाताळच्या आसपास त्यांना भरून आलं होतं आणि प्रार्थना लांबली. पिकाबद्दल झालं, पावसाबद्दल झालं, आजाऱ्यांबद्दल सुरू झालं, इतक्यात बुडाला लागल्याचा वास आला. काका त्याच सुरात, डोळे न उघडता, म्हणाले, "आणि आम्हांला चांगलं आरोग्य दे, आमेन, बबन जाळ ओढ!" बबननं झटकन खालची लाकडं ओढून काढली आणि रस्सा वाचला. पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी कुकरची शिट्टी झाली की सुधीर "आमेन, जाळ ओढ" म्हणायचे आणि मी गॅस बंद करायचे.

पण मला काका खरे कळले ते त्यांच्या कढईमुळे. ही कढई म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लोखंडी, जुनी, वर्षानुवर्षं तेल पिऊन काळीभोर झालेली, आतून अशी गुळगुळीत की पिठलंसुद्धा चिकटायचं नाही. माझ्या सासूबाई शेवगावहून राहायला आल्या होत्या आणि शेव तळायला मोठी कढई हवी म्हणून त्यांनी शेजारून मागून घेतली. शेव झाली. आता दुसऱ्याचं भांडं घाण परत करणं सासूबाईंच्या रक्तात नाही, आणि रिकामं परत करणं तर त्याहून नाही. दुपारभर अंगणात बसून त्यांनी ती कढई चिंच, विटेची भुकटी आणि तारेची घासणी घेऊन घासली. मी घरात झोपले होते. उठून बघते तो कढई चांदीसारखी चमकत होती आणि आत शेंगदाण्याचे लाडू मांडलेले. मी काही बोलायच्या आत त्या भिंतीपाशी जाऊन हाक मारत होत्या.

काका बाहेर आले. कढई बघितली. मी दारातून त्यांचा चेहरा बघत होते.

"लई काळीकुट्ट हुती हो," सासूबाई म्हणाल्या. "मार्थाबाईंना नोकरीतून येळ मिळत नसंल. म्हटलं, आपण रिकाम्याच हाय. बघा कशी लख्ख निघाली!"

काकांनी कढई दोन्ही हातांत घेतली. आतून बोट फिरवलं. मग एक लाडू उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले.

"छान निघाली आजी," ते म्हणाले. "लाडूही छान झालेत. एवढी मेहनत कशाला घेतली?"

"मेहनत कसली त्यात!" सासूबाई खूश होऊन आत आल्या. जन्मभर लोकांचा माल नापास करणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी डबी काढली नाही. नंतर काकू मला सांगायच्या, रोज संध्याकाळी ते कढई गॅसवर ठेवायचे, तेल फिरवायचे, धूर निघेपर्यंत तापवायचे, पुसायचे, परत तेल. कित्येक महिने हे चाललं. सासूबाईंना मात्र शेवटपर्यंत अभिमान होता की शेजाऱ्यांच्या कढईचा त्यांनी उद्धार केला. दर वेळी आल्या की विचारायच्या आणि काका दर वेळी म्हणायचे, "आजी, तेव्हापासून लई चांगली चाललीय." मला तेव्हा तो माणूस फार आवडला.

पुढे त्यांचा उजवा हात हलायला लागला.

आधी चहाचा कप बशीवर वाजायचा. मग खिशातली पट्टी काढताना दोनदा चाचपडायला लागायचं. काकू नर्स, त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं असणार. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. हात घरात हलतो त्याचं काकांना फारसं काही वाटत नव्हतं, पेपर हलला तर हलू दे. त्यांना एकच धास्ती होती, चुलीवरून भांडं उतरवायचं कसं. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण त्यांच्या भांड्यांवरून ती आम्हांला दिसत होती.

कारण काकांची मतं बदलायला लागली. जन्मभर जड बुडाचा जप करणारा माणूस एकाएकी म्हणायला लागला, "जाड बूड म्हणजे लाकडाचा नास. उगीच तापत बसतं." पितळेचं मोठं पातेलं मोडीत गेलं. त्या जागी स्टील आलं. पुढच्या हिवाळ्यात स्टीलही जड झालं आणि बाजारातून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातळ पातेलं आलं. कान डाग दिलेले. पालथं घातलं तर नक्की डुगडुगलं असतं. काकांनी ते पालथं घातलंच नाही. आम्ही सगळे माना डोलवायचो. "खरंय काका, जर्मन लवकर तापतं," सुधीर म्हणायचे. बबन म्हणायचा, "नेयालाबी सोपं." इतकी माणसं एकदम खोटं बोलताना मी दुसरीकडे कुठं बघितली नाहीत.

त्या वर्षी भंडारदऱ्याला गेलो. पाण्याच्या काठाला चूल मांडली. रस्सा मनासारखा उकळला, प्रार्थना झाली. काकांनी फडकी घेतली आणि वाकले. काकू माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला, तेव्हाच मला कळलं की त्या श्वास धरून बसल्या आहेत. पातेलं दगडांवरून सुटलं, वीतभर वर आलं, आणि उजवा हात असा थरथरला की पातळ पातेलं एका अंगाला कललं. सगळा रस्सा विस्तवात गेला. राखेचा लोट उठला. कुणाला भाजलं नाही, एवढंच नशीब.

बबन पुढे झाला.

"त्या कानाचाच दोष हाय काका," तो म्हणाला. "लई कच्चा कान. मला तवाच वाटलं हुतं."

काकांनी रिकामं पातेलं उचलून त्याच्यापुढे धरलं. ते त्यांच्या हातात लटलट हलत होतं. "कान शाबूत आहे बबन," ते म्हणाले. "बघ नीट. मालात दोष नाही."

आम्ही भाकरी, कांदा आणि ठेचा खाल्ला. काकूंच्या ताटात गार भाकरी पडली. त्यांनी ती निमूट खाल्ली, चांगली चवीनं खाल्ली, पण काका त्यांच्या बाजूला एकदाही बघू शकले नाहीत. परतीच्या वाटेवर टेम्पोत ते रिकामं पातेलं मांडीवर धरून बसले.

नंतर एके सकाळी बघते तर काकांनी सगळी भांडी व्हरांड्यात मांडलेली. तवा, कढई, पातेली, झारे, सांडशी. "चूल बंद," ते मला म्हणाले. "कढई तू घे वैशाली. तवा बबनला देईन. नापास माल बाजूला ठेवायचा असतो, त्यात रडायचं काही नाही."

आतून मार्थाकाकू बाहेर आल्या. काकू म्हणजे शांत बाई. आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"हात तुमचा हलतो," त्या म्हणाल्या. "माझं जेवण का बंद?"

काकांनी वर बघितलं.

"मला वर्षातून चार वेळा बसून गरम जेवायला मिळतं. तेवढंच मिळतं. ते कुणाला विचारून बंद केलंत?"

काकू माझ्याकडे वळल्या. "वैशाली, चपला घाल. मला बाजारात यायला सोबत हवी. भांडं घ्यायचंय."

"कसलं भांडं?" काकांनी विचारलं.

"रंगीत. काचेच्या झाकणाचं. वर गुलाबी फुलं असलेलं."

हे ऐकून तो माणूस घरात बसणं शक्यच नव्हतं. काकूंनी ते मुद्दाम म्हटलं की खरंच, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आम्ही रिक्षात बसतोय तोवर काका चपलांचे बंद न लावताच आले आणि शेजारी बसले.

दुकानात काकूंनी खरोखर गुलाबी फुलांचं भांडं हातात घेतलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते थेट मागच्या कोपऱ्यात गेले, जिथं मोडीत आलेली जुनी भांडी ढीग करून ठेवलेली असतात. तिथं खाली बसून हलत्या हातानं एकेक बाजूला सारत राहिले. शेवटी एक पितळेचं पातेलं निघालं. रुंद, बसकं, बूड बोटभर जाड, कानांना तीन तीन रिबिटा. काठावर कुठल्या तरी सौभाग्यवतीचं नाव ठोकून घातलेलं, कुणाच्या तरी लग्नातलं. काकांनी बूड वाजवलं. मलासुद्धा ऐकू आलं, खोल बोललं.

"काका, ते वितळायला चाललंय," दुकानदार म्हणाला. "लई जड हाय. आता असलं कोन घेतं? उचलायला दोन मानसं लागतात."

"डोक्यावर ठेवून बघायचंय का?" मी विचारलं.

"हे डोक्यावर न्यायचं नाही," काका म्हणाले. "हे उचलायचंच नाही." आणि मग काकूंकडे बघून, जरा ओशाळून, म्हणाले, "मी इतके दिवस भांडं हातासाठी घेत होतो गं. भांडं जाळासाठी घ्यायचं असतं. विसरलो होतो."

काकूंनी फुलांचं भांडं जागेवर ठेवून दिलं. काठावरचं नाव घासून काढून देऊ का, असं दुकानदारानं विचारलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. तिलाही बोलावलं असं समजू."

कल्हईवाला शोधायला बबनला बरीच वणवण करावी लागली. कल्हई झाल्यावर काकांनी स्वतः आत डोकं घालून तपासणी केली. मग एका रविवारी उपासना आटोपून आम्ही डोंगरगणला गेलो. झाडाखाली सतरंजी पडली, काकू आणि मी तिच्यावर बसलो. काकांच्या अंगात तोच खिशावर ठिपका असलेला शर्ट. बबन आणि सुधीरनी रिकामं पातेलं तीन दगडांवर ठेवलं, पण त्याआधी बुडाला मातीचा लेप काकांनीच दिला. माती थापायला हात हलला तरी चालतं. कांदा, मसाला, मटण, पाणी, सगळं त्यांनी जागेवर उकिडवं बसून घातलं. लांब दांड्याची पळी घेऊन ढवळायला लागले तर ती आपोआपच हलत होती.

"काका, ढवळायचं काम झ्याक चाललंय," बबन बोलून गेला. "आपसूक!"

बबननं जीभ चावली. सगळ्यांत आधी हसले ते काकाच, मग काकू, मग आम्ही.

रस्सा झाला. प्रार्थना झाली, या वेळी अगदी आखूड. बबन फडकी घेऊन उठला, तशी काकांनी त्याला हातानं थांबवलं.

"बस खाली. तुम्ही ठेवलंत ते रिकामं भांडं, रस्सा मी चढवलाय. ज्यानं चढवलं त्यानंच उतरवायचं."

काकूंनी पुन्हा माझं मनगट धरलं. पण काकांनी फडक्याला हात लावला नाही. ते चुलीशी गुडघे टेकून बसले, लांब सांडशी घेतली आणि पातेल्याखालचं जळतं लाकूड धरून बाहेर ओढलं. मग दुसरं. हात भरपूर हलत होता, पण लाकडाला त्याचं काय सोयरसुतक? एकेक लाकूड ओढून त्यांनी मातीत विझवलं. मग काठीनं निखारेही बाहेर काढले. वर पातेल्यातली उकळी हळूहळू बसत गेली, बुडबुडे थांबले, नुसती वाफ राहिली. पातेलं दगडांवर होतं तिथंच होतं.

"झालं," काका म्हणाले. "उतरलं."

मार्थाकाकू सतरंजीवरून उठल्या. कायद्याप्रमाणे उठायचं नव्हतं. ताट घेऊन त्या चुलीपाशी जाऊन काकांसमोर बसल्या. काकांनी पळी भरली. पळी पातेल्यातून वर आली आणि थरथरत कधी इकडे, कधी तिकडे जायला लागली. काकूंनी त्यांचा हात धरला नाही. पळी जिकडे जाईल तिकडे त्यांनी आपलं ताट नेलं, सावकाश, तिच्याखालून जराही न हटता. बराचसा रस्सा ताटात पडला. थोडा पदरावर सांडला. दोघांपैकी कुणी तिकडे बघितलं नाही.

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडून बुडवला, फुंकर मारली आणि खाल्ला. आम्ही सगळे आपापली रिकामी ताटं धरून थांबलो होतो. काका गुडघ्यांवर तसेच, पळी हातात, काकूंच्या तोंडाकडे बघत.

"पास?" त्यांनी विचारलं.

"मीठ थोडं कमी आहे," काकू म्हणाल्या आणि ताट पुन्हा पुढे केलं.